आन्कालागोनची लांबी : महाकायाचे चित्रण आणि प्रमाणवादाचा भ्रम

१

साहित्यकृतीतील एखाद्या वाक्यावरून गणित मांडायचे, त्या गणिताच्या उत्तरावरून चित्र काढायचे आणि मग त्या चित्राच्या आधारे मूळ वाक्याचा अर्थ लावायचा, असा एक वर्तुळाकार व्यवहार अद्भुतकथांच्या चित्रांकनाच्या क्षेत्रात गेली काही दशके निर्वेधपणे चालू आहे. या व्यवहाराचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द सिल्मरिलियन' या ग्रंथातील आन्कालागोन हा काळा ड्रॅगन. टोल्कीन यांचे निधन १९७३ साली झाले. त्यांच्या हस्तलिखितांतून त्यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील युगान्ताच्या महायुद्धात पराभूत होऊ लागलेला मॉर्गोथ आजवर कोणी न पाहिलेले पंखधारी ड्रॅगन बाहेर सोडतो. आन्कालागोन हा त्यांतला सर्वश्रेष्ठ. आकाशातून जहाज हाकणारा एआरेन्दिल रात्रभर त्यांच्याशी झुंजतो, सूर्योदयापूर्वी आन्कालागोनला ठार करतो, आणि तो ड्रॅगन थांगोरोद्रिमच्या शिखरांवर कोसळल्याने ती शिखरे मोडून पडतात. आन्कालागोनच्या युद्धाविषयी प्रकाशित संहिता सांगते ते जवळजवळ एवढेच.

या एवढ्याशा निवेदनातून जे अनुमान काढले जाते ते असे. शिखरे मोडली, म्हणजे मोडणारा शिखरांच्या तोलाचा असला पाहिजे. मग शिखरांची उंची किती? करेन विन फॉन्स्टॅड या नकाशाकार विदुषींनी १९८१ साली टोल्कीन यांच्या भूगोलाचा जो अ‍ॅटलास प्रसिद्ध केला, त्यात टोल्कीन यांच्याच एका रेखाटनावरून थांगोरोद्रिमची उंची सुमारे ३५,००० फूट काढलेली आहे. एव्हरेस्टहून ती सहा हजार फुटांनी अधिक भरते. रेखाटनातले प्रमाण खरे धरले तर, अशी अट फॉन्स्टॅड यांनी घातली होती. पुढच्या लोकांच्या हातात अट गळून पडली आणि आकडा तेवढा उरला. ३५,००० फुटांचा पर्वत मोडणारा ड्रॅगन कित्येक मैल लांब असणार, हे ओघानेच आले. आज आन्कालागोनचे जे रूप सर्वपरिचित झाले आहे ते या त्रैराशिकाचे फलित होय. पंख पसरले की क्षितिज झाकले जाते. पर्वतरांग त्याच्या पंजाखाली वारुळासारखी दिसते. आणि एआरेन्दिलचे जहाज त्याच्या बुबुळापुढे एक पांढरा ठिपका होऊन राहते.

या भूमिकेला मी प्रमाणवाद म्हणतो. महाकायत्व हा मोजमापाचा प्रश्न आहे, संहितेत विखुरलेल्या पुराव्यांवरून ते माप निश्चित करता येते, आणि चित्रकाराचे कर्तव्य ते माप इमानाने कागदावर उतरवणे हे आहे, अशी तिची तीन गृहीतके आहेत. ही तिन्ही गृहीतके चुकीची आहेत असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एका काल्पनिक प्राण्याच्या आकाराविषयी एवढे रक्त आटवावे का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, वाद प्राण्याचा नाही, वाचनाचा आहे. वाक्याने जे सूचित केले त्याला विधान समजणे, परिणामाच्या वर्णनाला कारणाचे मोजमाप समजणे, ही सवय एकदा जडली की ती अद्भुतकथेपुरती मर्यादित राहत नाही. आणि आजचा विद्यार्थी संहितेकडे येण्याआधी चित्राकडे आलेला असतो. तो ते वाक्य वाचतो तेव्हा ते आधीच भरलेले असते.

२

प्रथम संहितेचीच साक्ष काढू. कारण प्रमाणवादी स्वतःला संहितेचे कट्टर निष्ठावंत समजतात.

थांगोरोद्रिम हा निसर्गनिर्मित पर्वत नव्हे. मॉर्गोथने जमिनीखाली खोदलेल्या भुयारांतून निघालेला राडारोडा आणि त्याच्या भट्ट्यांची राख व मळी यांचे ते ढीग आहेत, असे त्याच ग्रंथात सांगितलेले आहे. भट्टीच्या मळीचा ढीग मोडायला ढिगाएवढेच शरीर लागते असे कोणत्या शास्त्राने सांगितले? शिवाय संहितेत मोडतात ती शिखरे. पर्वताचा सारा विस्तार त्या शरीराखाली झाकला गेला असे कोठेही म्हटलेले नाही. त्या वाक्यात ड्रॅगनच्या पतनासाठी टोल्कीन यांनी जो शब्द योजला आहे तो लॅटिन 'रुइना'पासून आलेला आहे. त्यात कोसळणे आणि विनाश असे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. आयुष्यभर शब्दांच्या व्युत्पत्तीत रमलेल्या लेखकाने तो शब्द अजाणता वापरला असेल हे संभवत नाही. शिखरे ड्रॅगनच्या वजनाने मोडतात की त्याच्या सर्वनाशात सामील होऊन मोडतात, हे वाक्य ठरवू देत नाही. ते ठरवू न देणे हेच त्या वाक्याचे सामर्थ्य आहे.

दुसरी साक्ष नावाची. टोल्कीन यांच्या कल्पित भाषांत 'आन्कालागोन' या नावाचे दोन घटक आहेत : एकाचा अर्थ जबडा, दुसऱ्याचा अर्थ मुसंडी मारणे, वेगाने झेपावणे. ज्याच्या जगात भाषा आधी जन्मली आणि कथा नंतर, अशा लेखकाने आपल्या सर्वांत भयंकर ड्रॅगनला नाव देताना दंश आणि वेग यांची निवड केली. नावात वादळ आहे. आकारमानाचा मागमूस नाही. ड्रॅगनांचे आगमनही संहितेत गडगडाट, विजा आणि अग्नीचे तुफान अशा शब्दांत येते. हा सारा गतीचा आणि आकस्मिकतेचा व्यूह आहे.

तिसरी साक्ष प्रमाणवाद्यांना अधिक अडचणीची आहे. 'द फेलोशिप ऑफ द रिंग' (१९५४) मध्ये आन्कालागोनचा उल्लेख एकदा येतो, तो त्याच्या अग्नीनेही मुद्रिकेला इजा झाली नसती एवढे सांगण्यापुरता. तेथे मोजले जात आहे ते त्याचे तेज. आणि टोल्कीन यांच्या उत्तरायुष्यातील एका टिपणात, जे १९९६ साली त्यांच्या हस्तलिखितांच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध झाले, एक निराळेच भाकीत आहे : तूरिन हा मर्त्य वीर मृतांतून परत येईल आणि आन्कालागोनवर प्राणान्तिक घाव घालील. एक माणूस, आणि तोही पायदळी लढणाऱ्यांच्या परंपरेतला! प्रमाणवाद्यांच्या कित्येक मैल लांबीच्या ड्रॅगनवर या माणसाने घाव कोठे घालावा? चित्रकाराला तो माणूस दाखवताही येणार नाही. टोल्कीन यांना मात्र एकाच नावाच्या ड्रॅगनला एकदा शिखरांवर पाडण्यात आणि एकदा माणसाच्या हाती मारण्यात विसंगती वाटली नाही. कारण त्यांच्या मनात आन्कालागोनची लांबी नव्हतीच.

येथे एक आक्षेप संभवतो : लेखकाला माप सुचले नसेल, राहून गेले असेल. पण माप कोठे द्यायचे आणि कोठे नाही हे टोल्कीन यांना पुरेपूर ठाऊक होते. ज्या 'बेओवुल्फ'वर त्यांनी १९३६ साली आपले युगप्रवर्तक व्याख्यान दिले, त्या काव्यात मरून पडलेल्या ड्रॅगनची लांबी चक्क पन्नास फूट दिलेली आहे. ही लांबी तो मेल्यावर दिली जाते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जिवंत ड्रॅगन मोजला जात नाही. शव मोजले जाते. 'द हॉबिट' (१९३७) मध्ये स्माउगच्या आकाराचा प्रश्न येतो तेव्हा टोल्कीन फुटांचा आकडा देतात तो दाराचा. पाच फूट उंचीच्या त्या गुप्त दारातून स्माउग येऊ शकला नसता, आणि इतकी माणसे व खुजे गिळल्यावर तर मुळीच नाही, असे गँडाल्फ सांगतो. आकार येथे अपराधाच्या मापाने वाढलेला आहे. दार मोजता येते; ड्रॅगन दाराच्या नात्याने कळतो.

शेवटी वाङ्मयप्रकाराचा मुद्दा. 'सिल्मरिलियन' ही कादंबरी नव्हे. तिच्या निवेदनाची जात इतिवृत्ताची आहे. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर बखरीची. बखरकार लाखाच्या फौजेचे वर्णन करतो तेव्हा आपण शिरगणती करीत नाही. 'लाख' हा तेथे संख्येचा शब्द राहत नाही, प्रसंगाच्या गांभीर्याचा शब्द होतो. इतिहाससंशोधकाने त्या संख्येची चिकित्सा करावी हे योग्यच. परंतु त्याने ती खरी मानून प्रत्येक स्वारामागे किती हात जमीन याचा हिशेब केला आणि रणभूमीचा विस्तार ठरवला, तर आपण त्याला संशोधक म्हणणार नाही. प्रमाणवादी नेमके हेच करतो. बखरीच्या वाक्याला तो पंचनाम्याचे वाक्य समजतो.

३

महत्ता आणि मोजमाप यांच्यातील फरक सौंदर्यशास्त्राला नवा नाही. कान्टने १७९० च्या ग्रंथात उदात्ताचे विवेचन करताना तो निःसंदिग्धपणे मांडला आहे, आणि रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) कान्टची ही परिभाषा मराठी अभ्यासकाला परकी राहिलेली नाही. कान्टच्या मते संख्येने केलेल्या मोजणीला कमाल मर्यादा नसते. कोणत्याही संख्येपुढे आणखी एक संख्या असतेच. म्हणून संख्या कितीही मोठी असली तरी ती उदात्ताचा प्रत्यय देत नाही. उदात्त जन्मते ते एका दृष्टिक्षेपात साकल्याने ग्रहण करण्याची आपली कल्पनाशक्ती जेथे थकते तेथे. या न्यायाने पाहिले तर प्रमाणवादाचे अपयश त्याच्या पद्धतीतच आहे. ३५,००० फुटांना ७०,००० केल्याने ड्रॅगन दुप्पट भयंकर होत नाही. उलट त्याचा सारा देह एका चौकटीत, नखापासून शेपटीपर्यंत, नीट मावेल असा दाखवला की कल्पनाशक्तीला थकायचे कारणच उरत नाही. जे एका नजरेत सुखाने मावते ते महाकाय नसते. ते केवळ दुरून पाहिलेले असते.

आपल्या परंपरेतली भाषा वापरायची तर हा व्यंग्यार्थाला वाच्यार्थ करून टाकण्याचा दोष आहे. शिखरे मोडली हे वाच्य. त्यातून ध्वनित होणारी महत्ता हे व्यंग्य. ध्वनिकारांच्या मते व्यंग्य अर्थ जेथे उरत नाही आणि केवळ वाच्याचे व वाचकाचे वैचित्र्य उरते, त्या रचनेला 'चित्र' अशी संज्ञा आहे, आणि ती काव्याच्या पंक्तीत सर्वांत खालची आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनांना ड्रॅगनची चित्रे ठाऊक नव्हती. तरी संज्ञा मात्र अचूक लागू पडते. रोमान इनगार्डेन यांनी १९३१ साली साहित्यकृतीतील 'अनिश्चिततेची स्थळे' अशी जी संकल्पना मांडली, तिच्या परिभाषेतही हेच म्हणता येईल. साहित्यकृतीतील वस्तू ही रूपरेखात्मक असते. तिच्यातील सर्व रिक्त स्थळे भरायची नसतात. कोणती भरावी आणि कोणती रिकामी राखावी याचा विवेक म्हणजेच वाचन.

येथवर आलेला वाचक आता एका दुसऱ्या टोकाच्या भूमिकेकडे झुकण्याची शक्यता आहे. आणि ती भूमिकाही तितकीच घातक आहे असे मला वाटते. ती अशी की, मग महाकायाचे चित्र काढूच नये. या भूमिकेमागे मोठे पाठबळ आहे. एडमंड बर्क यांनी १७५७ साली अस्पष्टता ही भयाची आणि उदात्ताची अट मानली, आणि मिल्टनच्या मृत्यूच्या वर्णनाचा दाखला दिला. लेसिंगने 'लाओकोऑन'मध्ये (१७६६) तर आपल्या प्रश्नाला जवळजवळ हातच घातला आहे. 'इलियड'मधील देवांच्या युद्धात घायाळ होऊन पडलेला युद्धदेव सात प्लेथ्रा एवढी जमीन व्यापतो. चित्रकाराने त्याला हे आकारमान दिले नाही तर तो होमरचा युद्धदेव राहत नाही, एक सामान्य योद्धा होतो; आणि हे आकारमान देणे तर चित्रकाराला अशक्य, असा लेसिंगचा युक्तिवाद आहे. पडलेल्या देहाने व्यापलेली भूमी : आन्कालागोनच्या पतनाचा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी याच शब्दांत मांडला गेला होता. स्वतः टोल्कीन यांनी १९३९ साली सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथेवर जे व्याख्यान दिले, त्याच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तारित रूपातील एका टिपेत त्यांनी चित्रे परीकथेचे फारसे भले करीत नाहीत असे म्हटले आहे. शब्द प्रत्येक वाचकाच्या मनात त्याची स्वतःची टेकडी, त्याची स्वतःची नदी उभी करतो. चित्र एकच रूप लादते, असे त्यांचे कारण आहे.

४

शुद्धतावाद्यांच्या या युक्तिवादात एक गृहीतक लपलेले आहे, आणि गंमत अशी की ते प्रमाणवाद्यांचेही गृहीतक आहे. चित्र म्हणजे एका स्थिर डोळ्याला, एका क्षणी, एका यथादर्शनाच्या नियमाने दिसणारे दृश्य, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एक म्हणतो, सारे मोजून दाखवा. दुसरा म्हणतो, दाखवूच नका. पण यथादर्शन ही पाहण्याची एक रीत आहे. १४३५ साली अल्बेर्तीने तिचे शास्त्र लिहून काढले. त्यापूर्वी आणि त्यापलीकडे चित्रकला होतीच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभा असलेला बुद्ध त्यांच्या कित्येक पटींनी मोठा आहे. त्याची उंची किती फूट होती असा प्रश्न तेथे कोणाला सुचत नाही. तो मोठा आहे कारण त्या आईच्या आणि मुलाच्या संबंधात तो मोठा आहे. लेसिंगने ज्याला अशक्य म्हटले ते चित्राने सुखेनैव केलेले आहे. त्याला यथादर्शनाची एक दृष्टी सोडावी लागली इतकेच. माध्यमाच्या मर्यादा सांगताना एका काळातील संकेताला माध्यमाचे सारतत्त्व समजण्याची चूक मर्ढेकरांनंतरच्या मराठी समीक्षेनेही पुष्कळदा केली आहे.

टोल्कीन यांच्या सिद्धान्ताविरुद्ध सर्वांत चांगला साक्षीदार टोल्कीन हेच आहेत. 'द हॉबिट'साठी त्यांनी स्वतः स्माउगचे रंगीत चित्र काढले. सुवर्णराशीवर वेटाळून बसलेला तांबडा-सोनेरी ड्रॅगन, आणि कोपऱ्यात धुक्यासारख्या वलयात वाकून उभा असलेला अदृश्य बिल्बो. १९३८ साली अमेरिकन प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले आहे की चित्रातला हॉबिट प्रमाणाबाहेर मोठा झाला आहे. आणि लगेच असेही सुचवले आहे की तो ड्रॅगनला अदृश्य असल्याने वेगळ्याच पातळीवर आहे, असे निदान मुले तरी समजून घेतील. हे वरकरणी सारवासारवीचे वाक्य चित्रांकनाच्या तत्त्वज्ञानात मौलिक ठरावे असे आहे. एकाच चौकटीत दोन पातळ्या नांदू शकतात, त्यांचे प्रमाण एकमेकांशी जुळण्याची गरज नाही, हे त्यात मान्य केलेले आहे. मोजपट्टी लावली तर ते चित्र चुकीचे आहे. पण त्या चित्रात ड्रॅगनची ऐसपैस तृप्ती आणि पाहुण्याची औपचारिक भीती यांचे जे नाते आहे, ते अचूक आहे.

१९४९ साली 'फार्मर जाइल्स ऑफ हॅम' या त्यांच्या कथेला पॉलिन बेन्स यांनी चित्रे काढली. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या समासात आढळतात तशी ती चपळ, खोडकर, यथादर्शनाची पर्वा न करणारी चित्रे पाहून टोल्कीन इतके खूश झाले की, ही चित्रे नुसती चित्रे नाहीत, समांतर असा दुसरा आशय आहेत, असे त्यांनी प्रकाशकांना कळवले. आणि या चित्रांनी तुझ्या संहितेला चित्रांवरचे भाष्य करून टाकले आहे, असे मित्र म्हणतात, हेही त्यांनी आनंदाने नोंदवले. जो लेखक सिद्धान्तात चित्राला नाकारतो तोच व्यवहारात चित्राला भाष्यकाराचे नव्हे, प्रतिसंहितेचे स्थान देतो.

चित्र हे संहितेवरील अर्थनिर्णयन असते याचा आणखी एक निर्णायक दाखला आहे. १९६२ सालच्या स्वीडिश 'हॉबिट'साठी टूव्हे यान्सन यांनी काढलेल्या चित्रांत गोलम हा बिल्बोपुढे उभा ठाकलेला प्रचंड प्राणी आहे. यान्सन यांनी काही चुकीचे केले नव्हते. तोवरच्या संहितेत गोलमचा आकार सांगितलेलाच नव्हता. भुयारातल्या अंधारात, पाण्याकाठी, बिल्बोच्या भीतीच्या कोनातून त्यांनी त्याला पाहिले. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत गोलम लहानखुरा आहे असे विशेषण टोल्कीन यांनी घातले. म्हणजे चित्रकर्त्रीने संहितेतील एक रिक्त स्थळ उघडे पाडले आणि लेखकाने ते बुजवले. समीक्षकाला याहून मोठी मान्यता क्वचितच मिळते. यान्सन यांच्या आणि प्रमाणवाद्यांच्या महाकायांत फरक कोणता, तर यान्सन यांचा गोलम एका भ्यालेल्या पात्राच्या नजरेतून मोठा आहे. प्रमाणवाद्यांचा आन्कालागोन कोणाच्याच नजरेतून मोठा नाही. तो केवळ मोठा आहे.

५

प्रमाणवादाचे एक उपांग म्हणजे शरीरशास्त्रीय वास्तववाद. २०१३ च्या 'द डेसोलेशन ऑफ स्माउग' या चित्रपटातील स्माउगला दोन मागचे पाय आहेत आणि पुढचे पाय हेच पंख आहेत. टोल्कीन यांच्या स्वतःच्या चित्रातल्या स्माउगला पुढचे पाय आहेत आणि शिवाय पंख आहेत. अशा बदलाचे समर्थन सामान्यतः असे केले जाते की कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याला सहा अवयव नसतात, म्हणून वटवाघळाची किंवा प्राचीन उडत्या सरीसृपांची रचना अधिक विश्वसनीय. पडद्यावर ही रचना परिणामकारक ठरते हे मान्य करूनही, तिच्या समर्थनातला तर्क तपासला पाहिजे. निसर्गनियमच पाळायचे तर ते सगळे पाळले पाहिजेत. गॅलिलिओने १६३८ साली दाखवून दिले आहे की शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केले तर त्याचे वजन आठपट होते आणि हाडाच्या छेदाचे बळ केवळ चौपट. जे. बी. एस. हाल्डेन यांनी, जे पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच नियम कथांतल्या राक्षसांना लावला आणि असा राक्षस पहिल्याच पावलाला मांडीचे हाड मोडून घेईल असे दाखवले. मैलभर लांबीचा ड्रॅगन उडणे दूरच, स्वतःच्या वजनाखाली जागच्या जागी कोसळेल. तेव्हा पायांच्या संख्येपुरते विज्ञान आणि वजनापुरती जादू, असा हा वास्तववाद निवडक आहे. त्याला अवयव मोजायचे असतात, कारण अवयव मोजणे सोपे असते.

मग आन्कालागोनचे चित्र कसे असावे? समीक्षकाने चित्रकाराला पाककृती सांगू नये हे मान्य. पण संहिता कोणत्या नात्यांवर उभी आहे हे सांगणे त्याचे कामच आहे. ती नाती तीन आहेत.

पहिले नाते प्रकाशाचे. ड्रॅगन काळा आहे. युद्ध रात्रीचे आहे. एआरेन्दिलच्या कपाळी सिल्मरिल हे तेजोमय रत्न आहे आणि त्याचे जहाज शुभ्र ज्वाळेने झळकत येते. ड्रॅगनच्या स्वतःच्या अग्नीखेरीज त्या आकाशात उजेडाचे हेच एक स्थान आहे. याचा अर्थ असा की, आन्कालागोनचा जो भाग दिसेल तो एकतर त्याच्या स्वतःच्या विध्वंसाच्या उजेडात, किंवा त्याला मारणाऱ्याच्या उजेडात. हे चित्रकलेच्या भाषेतच लिहिलेले वाक्य आहे. तरीही प्रचलित चित्रांत ड्रॅगन कोठून तरी आलेल्या सर्वव्यापी संधिप्रकाशात खवल्याखवल्याने उजळलेला असतो. कारण एवढे मोठे शरीर मोजून काढल्यावर ते अंधारात ठेवणे कोणाला परवडणार? जहाजाला ठिपका केल्याने तर या नात्याचा पायाच उखडला जातो. ठिपका पर्वताएवढ्या प्राण्याला उजळू शकत नाही. संहितेत लहान वस्तू मोठ्या वस्तूला दृश्यमान करते. चित्रात मोठी वस्तू लहान वस्तूला नगण्य करते.

दुसरे नाते काळाचे. लेसिंगने चित्रकाराला गर्भित क्षण निवडायला सांगितले, आणि हा सल्ला आजही जुना झालेला नाही. प्रचलित चित्रांचा क्षण आव्हानाचा असतो : ड्रॅगन पंख पसरून, जबडा वासून, जणू छायाचित्रासाठी उभा. पण आन्कालागोन संहितेत स्थिर असा कधीच नाही. तो येतो, झुंजतो, पडतो. त्याची महत्ता कळते ती पडण्यात, आणि तीही मोडलेल्या शिखरांवरून, म्हणजे तो नाहीसा होत असताना. त्याचा देह चौकटीबाहेर जाऊ देणारे, कदाचित मोडत्या शिखरांचाच मुख्य विषय करणारे चित्र संहितेला अधिक प्रामाणिक ठरेल. चौकटीने कापलेला पंख पूर्ण पंखापेक्षा मोठा असतो, हे कोणाही रेखाटनकाराला ठाऊक असते. प्रमाणवाद त्याला ते विसरायला लावतो.

तिसरे नाते मूल्याचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. १९३६ च्या व्याख्यानात 'बेओवुल्फ'मधील ड्रॅगनविषयी टोल्कीन यांची तक्रार अशी होती की त्यात ड्रॅगनपणाचे तत्त्व थोडे जास्त आहे आणि प्रत्यक्ष ड्रॅगन थोडा कमी. तरीही महाकाव्यात हा तोल क्षम्य आहे, असे ते म्हणतात. आन्कालागोनच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. तो बोलत नाही. त्याला स्माउगसारखा अहंकार नाही, ग्लाउरुंगसारखे कपट नाही. तो एका सत्तेचे शेवटचे शस्त्र आहे, आणि ज्या राडारोड्याच्या ढिगांवर ती सत्ता उभी होती त्यांच्यावरच ते शस्त्र कोसळते. या प्रसंगाचा आशय हा आहे. शस्त्राच्या प्रचंडपणाने भारावून जाणारे चित्र मॉर्गोथच्या बाजूने काढलेले चित्र असते, हे त्या चित्रकाराच्या लक्षातही येत नाही. केवळ आकारमानाचे दिपवणे हा सत्तेचा जुना डावपेच आहे. भव्य पुतळे आणि भव्य संचलने यांचे सौंदर्यशास्त्र यापेक्षा निराळे नाही. ज्या कथेत आकारमान हरते तिचे चित्र आकारमानाचा जयजयकार करीत असेल, तर ते चित्र कौशल्याने कितीही सरस असले तरी संहितेचे चुकीचे वाचन आहे. आणि चुकीच्या वाचनाला जसे उत्तर द्यावे तसे उत्तर त्याला दिले पाहिजे.

६

हे उत्तर द्यायचे कोणी? आपल्याकडे चित्रांकनाचा विचार बालसाहित्याच्या ओघात, 'पुस्तकाची सजावट आकर्षक आहे' या एका वाक्यात आटोपण्याची प्रथा आहे. अद्भुतकथेला तर गंभीर समीक्षेच्या दारातच अडवले जाते. परिणामी, संहितेचा अर्थ ठरवण्याचे काम चाहत्यांच्या मोजपट्टीवर आणि चित्रपटांच्या संगणकीय कार्यशाळांवर सोपवले गेले आहे, आणि आपण त्यांना नावे ठेवण्यात समाधान मानतो. प्रमाणवाद्यांविषयी एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे : त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले आहे. ते चुकीचे वाचले हे खरे. पण आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाचलेलेच नाही. चुकीच्या वाचनाशी वाद घालता येतो, न-वाचनाशी घालता येत नाही.

म्हणून चित्रांकनाला समीक्षेचा एक प्रकार मानावे आणि समीक्षेच्याच निकषांवर त्याची तपासणी करावी, अशी माझी मागणी आहे. ते निकष असे : चित्राने संहितेतील कोणते रिक्त स्थळ भरले, कोणते राखले? ते कोणाच्या नजरेतून पाहते? संहितेच्या निवेदनप्रकाराची त्याला जाण आहे काय? आणि संहितेचा मूल्यव्यूह ते पुढे नेते की उलटा करते? या चार प्रश्नांची उत्तरे देताना फूट आणि मैल यांची गरज पडत नाही. आन्कालागोनची लांबी किती, या प्रश्नाला संहितेने दिलेले एकमेव उत्तर मोडलेल्या शिखरांच्या रूपात आहे. ते उत्तर आकड्यात बदलून घेण्याचा अधिकार चित्रकाराला नाही आणि समीक्षकालाही नाही.